फेनवे पार्कला जायचं असेल तर: सांगलीहून निघणाऱ्यांसाठी

२८ वर्षं मी सांगलीत शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉलचा डायमंड, म्हणजे चार टोकांचा चौकोन, आखला. होमप्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी खिळा ठोकायचा, त्याला सुतळी बांधायची, ६० फूट मोजून पहिला बेस, काटकोन साधून तिसरा, आणि मग मुलींच्या हातात फक्कीचा डबा. एवढी वर्षं पिचर (चेंडू टाकणारी), कॅचर (फलंदाजामागे झेलणारी), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली) अशा हाका मारल्या, पण ज्या खेळातून आमचा खेळ निघाला तो बेसबॉल मैदानात बसून कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर लेकीकडे बोस्टनला गेले तेव्हा पाहिला, आणि तोही फेनवे पार्कमध्ये.

आमच्या ओळखीत बरीच घरं अशी आहेत की मुलं अमेरिकेत आणि आईवडील विश्रामबागेत किंवा मिरजेत. वर्षाआड चार-सहा महिने जाऊन येतात. तिकडे मॉल होतात, मंदिर होतं, नायगारा होतो. त्यांच्यापैकी ज्यांना खेळाची ओढ आहे त्यांनी एक दिवस जुन्या बेसबॉल मैदानासाठी राखून ठेवावा म्हणून हे लिहिते आहे. आपली सांगली विजय हजाऱ्यांचं जन्मगाव, स्मृती मानधना इथेच खेळत मोठी झाली. मैदान म्हणजे काय हे आपल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपण मैदान बघायला चाललो आहोत, मॅच त्या निमित्ताने बघणार आहोत. हे एकदा ठरलं की तारीख कुठली, जागा कुठली, घरातून निघायचं किती वाजता, सगळे निर्णय सोपे होतात. नाहीतर मुलं हौसेने सगळ्यात गाजणाऱ्या मॅचची सगळ्यात महाग तिकिटं काढतात, गर्दीतून आपण कसेबसे पोचतो आणि मैदान नीट बघायचंच राहून जातं.

हेच मैदान का

फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं. टायटॅनिक बुडाल्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. आपला आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे हे मैदान पुलापेक्षा १७ वर्षांनी मोठं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आज वापरात असलेलं हे सगळ्यात जुनं मैदान, आणि बोस्टन रेड सॉक्स हा संघ पहिल्या दिवसापासून इथेच खेळतो आहे.

पण नुसत्या वयासाठी मी कुणाला एवढं पाठवणार नाही. या मैदानाचा आकार वेडावाकडा आहे, तो बघायचा. शहरातल्या रस्त्यांच्या मधे जेवढी जागा मिळाली तेवढ्यात ते बसवलं. डाव्या बाजूला लान्सडाउन स्ट्रीट अगदी अंगाला चिकटून असल्यामुळे तिथलं अंतर कमी पडलं आणि त्या बाजूला उंच भिंत आली. आज जी भिंत आहे ती ३७ फूट उंच, होमप्लेटपासून ३१० फुटांवर. सुरुवातीला तिच्या पायथ्याशी दहा फुटांचा मातीचा चढ होता आणि खेळाडू त्या चढावर पळत जाऊन झेल घ्यायचे. १९३४ च्या डागडुजीत तो चढ काढला. पुढे भिंतीवर जाहिराती होत्या. १९४७ मध्ये त्या उतरवून सगळी भिंत हिरवी रंगवली आणि तिला ग्रीन मॉन्स्टर हे नाव पडलं.

मधल्या भागात मैदान एका कोपऱ्यात ४२० फुटांपर्यंत खोल जातं, तर उजव्या टोकाचा खांब जेमतेम ३०२ फुटांवर. १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांना दोन्ही टोकांशी किमान ३२५ फूट ठेवण्याचा नियम झाला. फेनवे त्याच्या आधीचं, म्हणून तसंच राहिलं. असं मैदान आज कुणाला बांधू देणार नाहीत.

निघण्याआधी, सांगलीतच

व्हिसा, विमा, विमान हे सगळं मुलं आणि एजंट सांगतातच, त्यात मी शिरत नाही. बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या ठिकाणी होतात, म्हणून महालक्ष्मीने रात्री निघून दुसऱ्या रात्री परत यायचा हट्ट धरू नका. मुंबईत एक मुक्काम ठेवा.

त्यापेक्षा जास्त महत्त्वाची तयारी अशी की एखाद्या संध्याकाळी टेप घेऊन जवळच्या मैदानावर जा. आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो होतो. माझ्या जुन्या मुली सोबत होत्या. होमप्लेट मांडली आणि १०० फुटी टेपने तीनदा मोजून वर दहा फूट घेतले. मैदान केव्हाच संपलं होतं. टेपचं टोक कंपाउंडच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुंध्याशी गेलं. तिथे ३७ फूट म्हणजे शाळेच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीएवढी भिंत उभी आहे असं समजा, असं मी मुलींना सांगितलं. "बाई, एवढ्या लांब कोण मारणार?" असं एकीने विचारलं. आपल्याला लांब वाटणारं हे अंतर तिथल्या फलंदाजांना जवळ वाटतं, हे तिला बोस्टनहून व्हिडिओ पाठवला तेव्हा पटलं.

नियम मात्र घरूनच शिकून जा. मैदानात शेजाऱ्याला विचारत बसलं तर खेळ सुटतो. क्रिकेटच्या डोळ्याला इथे चार ठिकाणी ठेच लागते. चेंडू टप्पा घेत नाही, थेट येतो. मागे किंवा आडवा मारला तर तो फाउल, त्याला धाव नाही (धाव म्हणजे सगळे बेस फिरून होमप्लेटला परत येणं). क्रिकेटमधले अर्धे सुंदर फटके इथे फाउल ठरतात. हद्दीत जमिनीवरून मारला की पहिल्या बेसकडे पळावंच लागतं, "नको, थांब" म्हणायची सोय नाही. आणि अर्ध्या डावात तीनच गडी बाद करायचे असतात, की बाजू बदलते. असे नऊ डाव, म्हणजे नऊ इनिंग. बरोबरीत सुटत नाही, निकाल लागेपर्यंत इनिंग वाढत जातात.

पिचरने टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला आणि फलंदाजाने सोडला, किंवा बॅट फिरवून चुकला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बाद. चौकटीबाहेरचा सोडला तर बॉल. चार बॉल झाले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर. फाउलही स्ट्राइक धरतात, पण दोन स्ट्राइक झाल्यावर फाउलने माणूस बाद होत नाही. म्हणून कधी कधी एकच फलंदाज दहा-दहा चेंडू फाउल करत तग धरतो. ते बघायला शिका. आपल्याकडे कसोटीत नवा चेंडू खेळून काढणारा सलामीवीर जसा, तसा तो.

आमच्या सॉफ्टबॉलपेक्षा मुख्य फरक असा की तिथे बेसमधलं अंतर ९० फूट, पिचर ६० फूट ६ इंचांवर, आणि चेंडू खांद्यावरून येतो. ज्यांच्या मुली-नाती शाळेत सॉफ्टबॉल खेळतात त्यांनी त्यांच्याकडूनच शिकावं. एका रविवारात शिकवतील.

तारीख

हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत चालतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरी. एक पाहुणा संघ आला की बहुधा ओळीने तीन सामने खेळून जातो. म्हणजे एकाच आठवड्यात निवड करायला दोन-तीन दिवस मिळतात.

यांकीज हा न्यूयॉर्कचा संघ आला असेल ती तारीख टाळा. बेब रूथ हा बोस्टनचा पिचर आणि फलंदाज. त्याचा सौदा १९१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कशी झाला, आणि १९१८ नंतर बोस्टनला विजेतेपदासाठी थेट २००४ पर्यंत, ८६ वर्षं थांबावं लागलं. त्या सौद्याचा सल अजून लोकांच्या बोलण्यात येतो. त्यामुळे यांकीजच्या सामन्याला तिकीट महाग, गर्दी दाट. पहिल्यांदा जाणाऱ्याने मंगळवार-बुधवारची साधी मॅच घ्यावी. तिकिटाचे दर विमानासारखे खालीवर होतात. मधल्या वारी, शाळांना सुट्टी नसताना, आणि पाहुणा संघ फारसा गाजलेला नसला की ते उतरतात.

एप्रिलमध्ये बोस्टनला रात्री हाडं गारठतात. आम्ही मेच्या शेवटी गेलो तरी स्वेटरवर शाल लागली. जून ते सप्टेंबर आपल्यासाठी बरा काळ.

दिवसाची मॅच की रात्रीची? वयस्कर माणसांसोबत पहिल्या दहा दिवसांत जाणार असाल तर दुपारची घ्या. उन्हाळ्यात बोस्टन आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे सांगलीतले पहाटेचे साडेचार. शरीराला ते कळायला वेळ लागतो. आमचे हे बसल्या जागी झोपतील या धाकाने मी पहिल्या आठवड्यात कुठलीच तारीख घेतली नाही. पण मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यावरही टाकू नका. पावसाने सामना रद्द झाला तर तेच तिकीट पुढे ढकललेल्या सामन्याला चालतं, आणि तो सामना आपण सांगलीला परतल्यावर झाला तर काय उपयोग! मुक्कामाचा मधला काळ उत्तम.

जागा

इथे आम्ही चुकलो, म्हणून सविस्तर सांगते.

जावयांनी हौसेने तिकिटं काढली ती एका फेरविक्री करणाऱ्याकडून. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या मागे छपराखाली जो जुना ग्रँडस्टँड आहे, त्यातल्या जागा होत्या. छप्पर जुनं, ते तोलायला लोखंडी खांब. आमच्या दोघांच्या बरोबर समोर एक खांब आला. मला पिचर दिसायचा तर होमप्लेट दिसायची नाही. ह्यांच्या खुर्चीवरून होमप्लेट दिसे, पिचर दिसेना. विकणाऱ्याने खांबाचा उल्लेख केला नव्हता. पाच इनिंग आम्ही एकमेकांना सांगत काढल्या, "टाकला", "मारला". फार वाईट वाटलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि मधे हा खांब. शेवटी तिथल्या एका वयस्कर स्वयंसेविकेने आमचा चेहरा पाहिला आणि चार रांगा पुढे रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांवर नेऊन बसवलं.

म्हणून तिकीट शक्यतो क्लबच्या अधिकृत विक्रीतून घ्या. तिथे खांब आड येणाऱ्या जागेसमोर तशी नोंद असते. नोंद नसली तरी त्या विभागाचा, त्या रांगेचा नंबर टाकून इंटरनेटवर त्या खुर्चीवरून काढलेला फोटो शोधा. जवळजवळ प्रत्येक जागेचा फोटो कुणीतरी टाकलेला असतो. पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रँडस्टँडच्या खुर्च्या लाकडी आहेत, १९३४ च्या काळातल्या. अरुंद आहेत, गुडघ्यापुढे वीतभर जागा नाही. गुडघे दुखत असतील तर रांगेच्या टोकाची खुर्ची मागा, पाय वाटेकडे सोडता येतो. जिना चढणं अजिबात जमत नसेल तर व्हीलचेअरसाठी आणि कमी पायऱ्यांच्या वेगळ्या जागा असतात. तिकीट काढतानाच तसं सांगावं लागतं, दारात जाऊन मागून मिळत नाहीत. ग्रँडस्टँडच्या पुढच्या लोज बॉक्समध्ये खांबांचा त्रास नाही, पण दर जास्त.

उजव्या टोकाच्या, सुरुवातीच्या नंबरांच्या विभागांत खुर्च्यांचं तोंड होमप्लेटकडे नाही, मैदानाच्या मध्याकडे आहे. तीन तास मान डावीकडे वळवून बसावं लागतं. मानेचा त्रास असणाऱ्यांनी तिथे जाऊ नये. मैदानाच्या मागच्या बाजूच्या उघड्या बाकांवर, ब्लीचर्समध्ये, स्वस्त बसता येतं आणि तिथून हिरवी भिंत छान दिसते, पण दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येतं.

मला विचाराल तर पहिल्या बेसच्या बाजूला बसा. तिथून भिंत समोर येते. भिंतीच्या माथ्यावरही २००३ पासून खुर्च्या आहेत, पण भिंतीवर बसून भिंत दिसत नाही.

तो दिवस

तिकीट मोबाइलवरच असतं, बॉलपार्क नावाच्या ॲपमध्ये. आपल्या फोनवर मुलांकडून घेऊन ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करा. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. आपल्याला पिशवी घेऊन फिरायची सवय, पण मोठी पिशवी किंवा सॅक दारातून आत जात नाही. मापाचे नियम क्लबच्या पानावर असतात, ते आदल्या दिवशी वाचा. औषधं, चष्मा, शाल, टोपी, पेन्सिल एवढंच बरोबर ठेवा.

गाडी नेऊ नका. मेट्रोच्या ग्रीन लाइनने जायचं. शहराच्या मध्यावर पार्क स्ट्रीट स्टेशन आहे, १८९७ चं. अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे तिथूनच सुरू झाली. तिथून बी, सी किंवा डी कुठलीही गाडी पकडा आणि केनमोरला उतरा. ई गाडी तिकडे जात नाही. डी मार्गावर पुढे फेनवे नावाचंच एक स्टेशन आहे, नावाला भुलून तिथे उतरू नका, केनमोर जवळ पडतं. गेटवर बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं. स्टेशनबाहेर सिटगो कंपनीची तिकोनी चिन्ह असलेली भली मोठी पाटी दिसते. तिथून पुढे पाच-सात मिनिटं गर्दीबरोबर चालत जायचं.

आता सगळ्यात कळकळीने सांगते ते हे. सामन्याआधी किमान दोन तास तिथे पोचा. दारं साधारण दीड तास आधी उघडतात. उरलेल्या अर्ध्या तासात मैदानाला बाहेरून एक फेरी मारा. व्हॅन नेस स्ट्रीटवर पुतळे आहेत. टेड विल्यम्स एका लहान मुलाच्या डोक्यावर आपली टोपी ठेवतो आहे, आणि शेजारी तो आणि त्याचे तीन सोबती एकत्र उभे आहेत. १९४१ च्या हंगामात विल्यम्सची सरासरी .४०६ होती. म्हणजे दर दहा संधींत चारपेक्षा जास्त वेळा त्याने हिट मारली, म्हणजे फटका मारून बेस गाठला. त्यानंतर आजवर अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीगच्या दोन्ही विभागांत पूर्ण हंगामात कुणाला .४०० गाठता आलेली नाही. हा आकडा लक्षात ठेवून त्या पुतळ्यापाशी उभं राहा.

दार उघडलं की खाण्याच्या दुकानांकडे वळू नका. पहिल्यांदा बोगद्यासारख्या वाटेने वर जा. अंधाऱ्या, सिमेंटच्या वाटेतून दोन पायऱ्या चढलात की एकदम हिरवं दिसतं. गवत हिरवं, भिंत हिरवी, खुर्च्या हिरव्या. मी तिथे थांबले. मागच्या लोकांना वाट द्यायला हवी होती, पण पाय निघेनात.

त्या वेळी पाहुण्या संघाचा फलंदाजीचा सराव बरेचदा चालू असतो. तो संपला की मैदानाची माणसं येतात. मी ज्यासाठी दोन तास म्हणते आहे ते हेच. माती दातेरी फळीने सारखी करतात, पाणी मारतात. मग एकाने होमप्लेटच्या टोकाशी सुतळी धरली, दुसरा ती घेऊन पहिल्या बेसकडे चालत गेला, ताणली, आणि तिच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ ओढत आणली. फलंदाजाच्या चौकोनासाठी लाकडी साचा टाकला आणि उचलला. एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या पैशाच्या खेळात, सुरुवात सुतळी आणि चुन्यानेच. मी ह्यांचा हात धरला. ते म्हणाले, "तुझंच काम चाललंय की गं."

वेळ उरला तर दोन गोष्टी शोधा. उघड्या बाकांच्या हिरव्या समुद्रात एकच खुर्ची लाल आहे: विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सचा फटका तिथे जाऊन पडला, ५०२ फुटांवर. दुसरी गोष्ट म्हणजे डाव्या भिंतीच्या पायथ्याशी असलेला हाताने चालवायचा धावफलक. भिंतीच्या आत माणूस बसतो आणि आकड्यांच्या पाट्या बदलतो. आमच्या शाळेत खिळ्यांना पत्र्याचे आकडे टांगायचा फळा आहे, तीच पद्धत. त्या फलकाच्या उभ्या पांढऱ्या रेघांवर मोर्स कोडमध्ये ठिपके आणि दांड्या काढल्या आहेत. ती पूर्वीचे मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं.

खेळ सुरू झाल्यावर

राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात, टोप्या काढतात. आपणही काढायची.

चेंडू कायम बघत बसू नका. पिचरने चेंडू टाकायच्या आधी मागचे खेळाडू कुठे सरकले ते बघा, बेसवरचा माणूस किती पावलं पुढे आला ते बघा. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं आहे; बेस रिकामे असले तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. त्यामुळे सामना आता साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटपतो. पूर्वीच्या गोष्टी ऐकून चार तासांची धास्ती घेऊ नका.

आणि डाव्या बाजूला उंच चेंडू उडाला की श्वास रोखून भिंत बघा. दुसऱ्या कुठल्याही मैदानात जो सोपा झेल झाला असता तो इथे भिंतीला घासून खाली येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर पोचतो. उलट, दुसरीकडे जो सरळसोट फटका होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर, फलंदाज सगळे बेस फिरून परत) झाला असता तो इथे भिंतीवर इतक्या जोरात आदळतो की क्षेत्ररक्षकाच्या हातात परत येतो, आणि फलंदाजाला पहिल्याच बेसवर थांबावं लागतं. भिंतीची ही देवाणघेवाण वर्षानुवर्षं खेळलेल्या डाव्या क्षेत्ररक्षकाला पाठ असते. आम्ही पाहिलेल्या सामन्यात असा एक चेंडू भिंतीवर बसला. क्षेत्ररक्षक तो उडून कुठे येणार तिथे आधीच पाठमोरा उभा होता. वळला, उचलला, फेकला, दुसऱ्या बेसवर माणूस बाद. कुंडलच्या कुस्ती मैदानात एखाद्या निकाली डावावर डोंगरउतारावरून जी आरोळी उठते, तशी आरोळी उठली.

फाउल चेंडू प्रेक्षकांत येतात आणि फार वेगात येतात. होमप्लेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाळी आहे, तरी तिच्या पलीकडे बसलेले असाल तर चेंडू टाकला जात असताना मोबाइलमध्ये बघू नका. हाती आला तर तो चेंडू तुमचा, परत द्यायचा नसतो.

खाण्याचं थोडक्यात. पोळी-भाजी खाऊन निघा. आत शाकाहारी माणसाला बटाट्याच्या काचऱ्या, मोठा मऊ प्रेट्झेल, पिझ्झा, पॉपकॉर्न, आइस्क्रीम एवढं मिळतं. आणि सालासकट भाजलेल्या शेंगा. त्या जरूर घ्या. टरफलं पायाशी टाकायची रीत आहे. आम्ही शेंगा खाताना भडंगाची आठवण काढली.

सातव्या इनिंगच्या मधे सगळं मैदान उठून हातपाय ताणतं आणि गातं. आठव्याच्या मधे पुन्हा एक जुनं गाणं सुरू होतं आणि ३५-३७ हजार माणसं एका सुरात म्हणतात. शब्द आले नाहीत तरी उभे राहा. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजी वळून ह्यांना ओळ सांगत होत्या.

बोस्टनला कुणी नसेल तर

मूल शिकागोला असेल तर रिग्ली फील्ड गाठा. १९१४ चं मैदान, मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेल्या वेली. चेंडू त्या वेलीत अडकला तर फलंदाजाला दोन बेस मिळतात. तिथे ८ ऑगस्ट १९८८ पर्यंत मेजर लीगचे रात्रीचे सामनेच होत नव्हते आणि आजही दुपारचे सामने बरेच असतात, म्हणजे आपल्या वयाला सोयीचं. रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन दारात आहे. लॉस एंजेलिसला असाल तर डॉजर स्टेडियम १९६२ चं. या तिघांत ते वयाने धाकटं.

हंगाम नसताना, म्हणजे हिवाळ्यात, बोस्टनला जाणं झालं तर निराश होऊ नका. फेनवेला तासाभराची सहल असते, ती हिवाळ्यातही चालते. सामना दिसणार नाही, पण भिंतीच्या माथ्यावर नेतात.

सुटल्यावर

सामना संपला की लगेच केनमोरकडे धावू नका. प्लॅटफॉर्मवर मुंगी शिरायला जागा नसते. वीस मिनिटं खुर्चीवरच बसा, सुरक्षारक्षक उठवेपर्यंत. खाली मैदानाची माणसं परत येतात, पिचरच्या उंचवट्याची झीज ओल्या मातीने भरून, ठोकून, वर ताडपत्री अंथरतात.

तेवढ्या वेळात स्कोअरशीट पूर्ण करा. आत विकत मिळते, पेन्सिल बरोबर न्या. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला फेकून दोन गडी बाद केले की ६-४-३. स्ट्राइकवर बाद झाला की के, आणि बॅट न फिरवता बघत राहिला तर उलटा के. पाच इनिंग खांबाआडून पाहिल्यामुळे माझ्या शीटमध्ये पहिल्या बाजूला चार चौकोन कोरे आहेत. ते मी नंतर फोनवर बघून भरले नाहीत. ती शीट आता शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, फक्कीच्या डब्यांच्या वर लावली आहे, आणि कोऱ्या चौकोनांबद्दल प्रत्येक नवी मुलगी विचारते.